ताब्याची सही

मंगळवार, १० फेब्रुवारी २००९

सकाळी पावणेनऊला फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज.

"सरस्वतीबाई का? मी आवडाबाई बोलते. बजाजनगरहून."

या बाईचं नाव अठरा-एकोणीस वर्षं ऐकत होते, आवाज आज पहिल्यांदा ऐकला.

"ते पहाटं गेले. घाटी दवाखान्यात. छातीत दुखतंय म्हणून काल नेलं व्हतं. तुम्ही या. तुमच्याबिगर व्हायचं नाय."

मी फोन ठेवला. तोवर दूध उतू गेलं होतं. ओटा पुसला. मग गावी धाकट्या दिरांना, नानाभाऊजींना कळवलं, ते जीप घेऊन निघालेत. गावाहून इथं गंगापूरला यायला त्यांना अर्धा तास लागेल. तेवढ्यात हे लिहिते आहे. चौतीस वर्षं शाळेत रोजचं टाचण लिहिलं, निवृत्त झाले तरी वही सुटली नाही.

रडू येत नाही. कोणती साडी नेसून जावं, एवढाच विचार डोक्यात येतो आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

काल जे झालं ते क्रमानं लिहिते.

घाटीत पोचायला साडेअकरा झाले. नानाभाऊजींबरोबर गावातली आणखी चार माणसं होती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती बाई बसली होती. माझ्याहून लहान असेल, पण केस माझ्याहून पांढरे. इतकी वर्षं मी मनात जी बाई धरून होते ती ठसठशीत, बोलभांड, जरा भडक होती. ही तर आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईसारखी. पायात स्लिपरा, त्यातली एक पुरुषी. घाईत घातलेली असणार.

मला बघून ती उठली. "आलात. चला, क्लार्कसाहेब थांबलेत."

मला वाटलं प्रेत ताब्यात घ्यायचं असेल. तिनं नेलं ते मेडिकल कॉलेजच्या इमारतीत, अ‍ॅनाटॉमीच्या ऑफिसात. तिथं मोहियोद्दीन नावाचे क्लार्क होते, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि एक फाइल उघडली.

"बाई, रामकिसनरावांनी आमच्याकडं देहदानाचा फॉर्म भरलाय. आपल्या पश्चात शरीर इथल्या विद्यार्थ्यांना शिकायला द्यावं म्हणून. पण नुसत्या फॉर्मवर आम्ही बॉडी घेत नाही. जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. तुम्ही त्यांच्या लग्नाच्या पत्नी ना?"

"हो."

"फारकत वगैरे?"

"नाही."

"मग तुमचंच म्हणणं धरणार आम्ही. ह्या बाईंचं नाही धरता येत. त्यांनी स्वतःच सकाळी सांगितलं, मी लग्नाची नाही म्हणून. न सांगत्या तर आम्हाला काय समजणार होतं."

नानाभाऊजी दारातूनच म्हणाले, "असलं काही व्हायचं नाय. निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनच्या साली माझ्या चुलत्याला बाहेरगावी मारलं होतं. माझ्या बापानं तसल्या दिवसांत बैलगाडी जुपली, वर कडबा टाकला अन् त्याचं प्रेत गावात आणून जाळलं. आमच्या घरचा माणूस बाहेर पडत नसतो. अन् हे पोरांना कापायला देणार?"

ती बाई त्यांच्याकडं वळलीच नाही. माझ्याकडं बघून बोलत होती.

"बाई, मी तुम्हाला काय मागत नाय. निस्ती सही द्या. चौऱ्याण्णव साली कंपनीत त्यांचा हात प्रेसमधी गेला व्हता. कोपर चेचलं, तीन बोटं लोंबत व्हती. इथल्या शिकाऊ डॉक्टरांनी आठ तास खपून जोडली. तवापासून म्हणायचे, ह्या पोरांना शिकायला कुणीतरी मेलेलं माणूस दिलं आसंल, म्हणून माझी बोटं हायेत. त्यांची लई इच्छा व्हती."

त्यांचा हात मशिनमध्ये गेल्याचं मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. गावात कुणाला तरी माहीत असेलच.

मोहियोद्दीन म्हणाले, "जबरदस्ती काही नाही, बाई. अर्धा तास बाहेर बसा, विचार करा. दोन्हीतलं काहीही सांगितलं तरी आमची तक्रार नाही."

मी म्हणाले, "विचार करायचा नाही. नाही म्हणून लिहा."

सही म्हटलं की मला एकच आठवत होतं. सव्वा वर्षापूर्वी दिवाळीच्या तोंडावर ते माझ्या दारात आले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. "एक सही पाहिजे होती," म्हणाले. फारकतीचे कागद, दुसरं काय असणार. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. तेव्हा दिली नाही ती सही आता त्या बाईच्या सांगण्यावरून देऊ?

आणखी एक लिहायचं आहे. लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. त्या ऑफिसात मला बरं वाटलं. अठरा-एकोणीस वर्षं गावात, शाळेत, लग्नाकार्यात मला नवऱ्याबद्दल कुणी काही विचारत नव्हतं. टाळायचे. काल सहा पुरुष आणि ती बाई माझ्या तोंडाकडं बघत उभे होते, की मी काय म्हणते.

मग ताब्याच्या कागदावर सही केली. "मृतदेह मिळाला. सौ. सरस्वती रामकिसन." सौ. लिहिलं तेव्हा लक्षात आलं नाही.

शववाहिकेत त्यांना ठेवलं. ती बाई मागच्या दाराशी आली. "मी बसते पायाशी. गावात उतरत नाय, वेशीपासून परत फिरते." नानाभाऊजी म्हणाले, "गावात तमाशा नको." ती माझ्याकडं बघत राहिली. ड्रायव्हरही बघायला लागला. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. चष्मा डोळ्यावरच होता.

दार लागलं. गाडी फाटकातून निघाली तेव्हा ती तिथंच होती.

गावात पोचलो तर सगळी तयारी झालेली. बायकांनी मला आतल्या खोलीत नेलं. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. बाहेर त्यांना अंघोळ घातली, बांधलं, नेलं. बायका स्मशानात जात नाहीत. अग्नी नानाभाऊजींनी दिला, आम्हाला मूल नव्हतं. सहा वाजता माणसं परत आली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

राख सावडून पुरुष कायगावला गोदावरीवर जाऊन आले. मी गावीच आहे, तेराव्यापर्यंत इथंच.

सकाळी तोच नंबर दोनदा वाजला. उचलला नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

काल दहावा झाला. घाटावर मी लांब, बायकांत बसले होते. पिंड मांडून गुरुजी हात धुतात तोच कावळा शिवला. एवढ्या लवकर शिवलेला मी पाहिला नव्हता. नानाभाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. काही इच्छा राहिली नव्हती."

सगळ्यांना बरं वाटलं. जाऊबाई माझा हात दाबून म्हणाल्या, "तुम्ही बरोबर केलं वैनी. माणूस आपल्या मातीत गेला."

मी मान हलवली. घरी येऊन जेवले पण. आज सकाळपासून मात्र एक गोष्ट डोक्यात फिरते आहे. तिनं फोन केला नसता तर? वॉर्डात तिनंच भरती केलं होतं. बजाजनगरच्या चार माणसांना बोलवून तिकडंच अंत्यविधी उरकला असता, तर मला महिन्यानं कुणाकडून तरी कळलं असतं. कागदावर सही पाहिजे होती, म्हणून तिनं मला बोलावलं. त्यांचं म्हणणं पुरं व्हावं म्हणून. आणि बोलावलं म्हणून तिच्या हातात काही राहिलं नाही.

हे मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं असतं तर मी वेगळं वागले असते का? माहीत नाही. बहुतेक नसते वागले.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

मृत्यूच्या दाखल्यासाठी लागणारा कागद आणायला घाटीत गेले होते. एकटीच गेले, सकाळच्या एसटीनं. काम पाऊण तासात झालं. परत निघाले तर पायऱ्यांवर मोहियोद्दीन भेटले. ओळखलं त्यांनी.

"बाई, चहा घ्या." कँटीनमध्ये बसलो. मी विचारलं, "तो फॉर्म आहे का अजून?"

"फाइल बंद केली. पाहिजे तर झेरॉक्स देतो. तुमचं नाव आहे त्यात, तुमचा हक्कच आहे."

झेरॉक्स समोर ठेवूनच लिहिते आहे. अक्षर त्यांचं आहे, थोडं वाकडं झालेलं. जोडलेल्या बोटांनी लिहिलेलं. तारीख ५ नोव्हेंबर २००७. साक्षीदार म्हणून आवडाबाईचा अंगठा. खाली 'जवळच्या नातेवाइकाची संमती' असं छापलंय. त्यापुढं लिहिलंय, 'पत्नी, सौ. सरस्वती', आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली मारली आहे. मी वर्गात पोरांना पालकांची सही आणायला सांगताना मारायची, तशी. त्यापुढं कोरं.

मोहियोद्दीन म्हणाले, "मी त्यांना म्हणालो होतो, भावाची आणा, पुतण्याची आणा. ऐकेनात. म्हणाले, सही तिचीच पाहिजे, दुसऱ्याची नको. एकदा जाऊन आलो, आता ती रागात आहे, थोडा टाइम लागेल. असं म्हणून फॉर्म तसाच ठेवून गेले. मग दर सहा महिन्यांनी चक्कर मारायचे, काही बदललंय का नियमात विचारायला."

घरी येऊन सन २००७ ची वही काढली. ३ नोव्हेंबर, शनिवार. माझ्याच अक्षरात एवढंच आहे: 'ते आले होते. वाळले आहेत. सही पाहिजे म्हणाले. दार लावलं. करंज्यांचं सारण पातळ झालं.'

फारकतीचे कागद नव्हते ते.

रविवार, १ मार्च

दोन दिवस काही लिहिलं नाही. शेजारच्या लक्ष्मीबाई विचारत होत्या, बरं नाही का. म्हणाले, डोकं दुखतंय.

फारकत त्यांनी कधीच मागितली नव्हती. मला तेच वाटत राहिलं, कारण मला त्यांचा राग धरायला तेवढं पुरत होतं.

खरं काय झालं ते या वहीत तरी सरळ लिहावं. १९८८ साली ते वाळूजला कंपनीत लागले. बजाजनगरला एक खोली घेतली. दर शनिवारी यायचे. मला म्हणाले, बदलीचा अर्ज दे, औरंगाबाद तालुक्यातली शाळा माग. मी हो म्हणाले. अर्ज दिला नाही. तीनदा विचारलं, तीनदा मी सांगितलं की दिलाय, वरून हलत नाही. मला माझी शाळा सोडायची नव्हती. गावात मला बाई म्हणून मान होता. तिकडं पत्र्याच्या खोलीत कुणाची तरी बायको म्हणून राहायचं, ते नको वाटलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मग शनिवारी येणं पंधरा दिवसांवर गेलं, मग सणावर. मग कुणीतरी सांगितलं की खोलीत एक बाई असते, पॅकिंगमध्ये कामाला आहे, नवरा मेलेला.

मी सगळ्यांना सांगत आले की त्यांनी मला टाकलं. त्यांनीही कधी ते खोडून काढलं नाही. अर्जाचं त्यांना कळलं होतं का, कोण जाणे.

रविवार, ८ मार्च

बजाजनगरला गेले होते. नंबर होताच फोनमध्ये, पण आधी फोन केला नाही. नको म्हणाली असती तर पुन्हा धीर झाला नसता. मोरे चौकात उतरून विचारत विचारत गेले. "रामकिसन फिटरची खोली" म्हटलं की लगेच दाखवली.

ती पोळ्या लाटत होती. कंपनीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांच्या डब्याच्या. मला बघून हात थांबला, मग पुन्हा लाटायला लागली. बसा म्हणाली नाही. मीच दाराजवळ बसले.

खोली नीटनेटकी. खिडकीत दाढीचा डबा, ब्रश उभा करून ठेवलेला. भिंतीला टेकून सायकल.

मी म्हणाले, "तो कागद कसला होता ते मला कळलं. दिवाळीला आले होते तेव्हाचा."

"तुम्हाला ठाव नव्हतं?"

"नाही. मला वाटलं फारकत."

तव्यावरची पोळी करपली, ती तिनं उचलून बाजूला टाकली. मग म्हणाली, "मी म्हणले त्यांला, बाईला चिठ्ठी लिवा. म्हणले, नाय, तोंडानं सांगतो. आन् सांगितलंच नाय का?"

"मी सांगू दिलं नाही."

"हां."

मी बारा तारखेच्या फोनचं विचारलं. म्हणाली, "राख मागायची व्हती. चिमूटभर. इथं कंपनीच्या कुंपणाला त्यांनी लावलेली झाडं हायेत, तिथं टाकली असती. आता काय."

"मी आता काय करू शकते?" मी विचारलं. प्रश्न तोंडातून गेल्यावरच कळलं की किती फुकट आहे. तिनं पीठ झाडलं, हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्यासमोर खाली बसली.

"तुम्ही नेलं त्यांला. मग मला येवढं सांगा. पाणी ऊन व्हतं का? गार पाणी त्यांला सोसायचं नाय. दाढी केली का? दवाखान्यात नेलं तवा दोन दिसाची वाढली व्हती. अंगावर काय घातलं? जोडलेला हात सरळ व्हायचा नाय कोपरात, तो कुणी नीट धरला का वढला? लाकडं वाळकी व्हती का?"

तिनं विचारलेलं एकूणएक लक्षात आहे.

"मी आत होते," म्हणाले. "बायकांत. मला माहीत नाही."

"मंग कुणाला ठाव हाय?"

तेही मला माहीत नव्हतं. हक्कानं ताबा घेतला तो घाटीच्या ऑफिसात. फाटकाबाहेर आल्यापासून तो माझ्या हातात नव्हताच. मी माणसांच्या हाती देऊन मोकळी झाले होते आणि कुणाच्या, तेही बघितलं नव्हतं.

ती उठून पुन्हा पोळपाटाशी बसली. "पोरं येतील डब्याला," म्हणाली. मी निघाले.

रविवार, १५ मार्च

गावी जाऊन आले. नानाभाऊजींना विचारलं, अंघोळ कुणी घातली. "आता कशाला ते, वैनी? झालं ना सगळं व्यवस्थित. दोनशे माणूस होता." पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, बन्सी होता, आणखी कोण कोण होते.

बन्सी वेशीजवळ राहतो. मोलमजुरी करतो, कुणाचं मयत झालं की त्याला बोलावतात. लहानपणी ते आणि बन्सी एका वर्गात होते, हे मला त्यानंच सांगितलं. ओट्यावर पोतं अंथरून बसायला दिलं. मी पाटी-दप्तर घेतल्यासारखी कागद-पेन काढून बसले, त्याला नवल वाटलं. पण विचारलेलं सगळं त्यानं सावकाश सांगितलं.

"पाणी ऊन व्हतं बाई. मीच चूल पेटवली. नानासाहेब म्हणले गार चालंल, उशीर नको. मी म्हणलं, नाय, मानसाला ऊन पाणी लागतं."

"दाढी?"

"केली ना. माझ्याच वस्तऱ्यानं. हनुवटीखाली एक जुनी खूण हाय, तिथं जपून. चिचंवरून पडला व्हता, तिसरीत."

"हात?"

"उजवा सरळ व्हईना. एकजण दाबाय लागला, मी म्हणलं राहू दे. छातीवर ठिवला तसाच. बोटांवर टाक्यांचे वण दिसत व्हते, मोजून तीन बोटं. मी त्याला लई वर्सांनी जवळून बघत व्हतो. पँट-शर्ट काढून धोतर नेसवलं. शर्ट चौकड्याचा व्हता. कापडं पाण्यात सोडली कायगावला."

लाकडं बाभळीची होती, वाळकी. अग्नी दिल्यावर अर्ध्या तासात नानाभाऊजींना कुणाचा तरी फोन आला, ते गेले. मग एकेक करून सगळे पांगले.

"तू?"

"मी बसलो व्हतो. कुणीतरी बसाय लागतं ना शेवटपर्यंत."

तो आणखीही बरंच बोलला. ते सगळं वेगळ्या पानावर लिहून घेतलं, दोन्ही बाजू भरल्या. निघताना मी म्हणाले, "बन्सी, तुझे उपकार झाले." तो म्हणाला, "उपकार कशाचे. घरच्यांनी विचारायचंच असतं की. कुणी विचारलं नाय म्हणून मला वाटलं, तुम्हाला ठाव आसंल."

मंगळवार, २४ मार्च

परवा पुन्हा बजाजनगरला गेले. या वेळी तिनं बसायला चटई टाकली. चहा केला नाही, मलाही नको होता.

मी पान वाचून दाखवलं. शाळेत धडा वाचायची तसा आवाज नको लागायला, म्हणून हळू वाचत होते. ऊन पाण्यापाशी तिनं मान हलवली. चिंचेवरून पडल्याचं ऐकून म्हणाली, "मला म्हणायचे सायकलवरून पडलो." हसली नाही, पण हसल्यासारखा चेहरा झाला. हाताचं आलं तेव्हा थांबवलं.

"पुन्ना वाचा ते."

वाचलं. "छातीवर ठेवला तसाच."

"दाबला नाय ना?"

"नाही. बन्सीनं दाबू दिला नाही."

"बरं."

शर्टाचं वाचल्यावर ती उठून आत गेली. नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मी राहिलेलं वाचलं, बन्सी एकटा बसून राहिला तिथपर्यंत.

मग मला म्हणायचं होतं ते म्हणाले. माझं चुकलं. गाडीत तुम्हाला बसवायला पाहिजे होतं. सही द्यायला पाहिजे होती. मनात जुळवून नेलं होतं त्यातलं अर्धंच नीट बोलता आलं. अर्जाचंही सांगितलं, ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "त्यांनी हापिसात जाऊन इचारलं व्हतं, आर्ज आलाय का म्हणून. तवाच कळलं व्हतं."

"मग मला काही बोलले कसे नाहीत?"

"बाईला शाळा सोडवत नाय, म्हणायचे. जाऊ दे म्हणायचे."

तिनं हात पुढं केला. "ते पान द्या मला."

तिला वाचता येत नाही. तरी दिलं. तिनं घडी घातली, दाढीच्या डब्याखाली ठेवली.

दारात म्हणाली, "बाई, मी तुम्हाला शिव्याशाप देत नाय. पण आता येऊ नका. तुम्ही आलात की मला ती गाडी फाटकातून चाललेली दिसती."

बरं, म्हणाले. चौकात येऊन एसटीची वाट बघत उभी राहिले. कंपनीची पाळी सुटली होती, माणसं डबे हलवत चालली होती. कुंपणालगत झाडं होती ओळीनं. त्यातली त्यांनी कोणती लावली ते विचारायचं राहून गेलं. परत जाऊन विचारण्यासारखं नव्हतं.